त्रिकोणाचा हरवलेला कोन



आजच्या भाषणाचे नाव ऐकून काही घरांतून रेडिओचा कान पिळण्यासाठी हात पुढे झाला असेल. दिवसभर राबून माणूस जरा टेकतो, आणि हा कोण बाबा आता आपल्याला भूमिती शिकवायला निघाला! पण जरा थांबा. माझ्या हातात खडू नाही, छडी नाही, आणि तुम्हाला कुणी उभे करून उत्तर विचारणार नाही. फार तर एक कागद जवळ असू द्या. जुन्या वहीचे पान चालेल, वाण्याच्या पुडीचा कागदही चालेल.

मी लोणंदच्या आसपासच्या गावांत बरीच वर्षे गणित शिकवले. लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातले गाव, नीरा नदी ओलांडून दक्षिणेला आले की लागते. बाहेरच्या माणसाला ते दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक कांद्याचा बाजार, आणि दुसरी ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा मुक्काम. मला मात्र लोणंद म्हटले की एक तिसरीच गोष्ट आठवते. ते एक चुकलेले गणित आहे, आणि ते माझेच आहे. त्याकडे येईनच. आधी कागद घ्या.

कागदाचा एक त्रिकोण कापा. कसाही कापा, लांबट, ठेंगणा, वाकडा. तिन्ही कोपरे हाताने फाडून वेगळे करा आणि त्यांची टोके एका ठिकाणी आणून ते शेजारी शेजारी मांडा. ते तीन तुकडे मिळून एक सरळ कड तयार होते. शेजारच्या घरातल्या मुलाने अगदी निराळा त्रिकोण कापला असेल, त्याचीही सरळ कडच होणार. सरळ कड म्हणजे १८० अंश. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश, हे जे वाक्य आपण शाळेत घोकले, ते असे मुठीत मावते.

पण फाडलेला कागद म्हणजे सिद्धता नव्हे, असे एखादा चिकित्सक श्रोता म्हणेल, आणि ते बरोबर आहे. त्याच्यासाठी आपण लोणंदच्या स्टेशनावर जाऊ. रुळांची जोडी डोळ्यांपुढे आणा. दोन्ही रूळ समांतर आहेत. त्यांच्यावर एक काठी तिरपी टाकली, तर ती एका रुळाशी जो कोन करते तोच कोन दुसऱ्या रुळाशी उलट्या बाजूला करते. याला आपण व्युत्क्रम कोन म्हणतो. आता खालच्या रुळावर त्रिकोणाचा पाया ठेवा आणि त्याचा शेंडा वरच्या रुळाला टेकवा. त्रिकोणाच्या दोन तिरप्या बाजू म्हणजे दोन तिरप्या काठ्याच झाल्या. पायाजवळचे दोन्ही कोन वरच्या रुळावर, शेंड्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, जसेच्या तसे उमटतात. मध्ये शेंड्याचा स्वतःचा कोन. तिघांनी मिळून वरच्या रुळाची एक बाजू भरून काढली. झाली सिद्धता. युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी जे लिहून ठेवले, त्याचा मथितार्थ एवढाच.

म्हणजे त्रिकोणाचे दोन कोन कळले की तिसरा लपून राहू शकत नाही. एक ७० आणि दुसरा ५० असेल, तर बेरीज १२०, उरले ६०. ही निव्वळ वजाबाकी झाली, आणि ती चौथीतले पोरही करील. अडचण पुढेच आहे. कधी कधी एकही कोन धड सांगितलेला नसतो. सांगितलेले असतात ते त्यांचे नातेसंबंध. हा त्याच्या दुप्पट, तो याच्याहून इतका कमी. अशा वेळी बीजगणित लागते.

उदाहरण घराजवळचेच घेऊ. सातारा जिल्ह्याचा नकाशा पुढे ठेवा आणि लोणंद, फलटण व सातारा ही तीन गावे सरळ रेघांनी जोडा. लोणंदपासून फलटणपर्यंतची बाजू म्हणजे साधारण पालखीच्या वाटेची दिशा, आणि लोणंदपासून साताऱ्यापर्यंतची बाजू ही दक्षिणेकडे उतरणारी. या त्रिकोणाचे कोन मी शाळेत कोनमापकाने मोजून घेत असे. आकडे हिशेबासाठी थोडे सरळ केलेले आहेत, दोन-चार अंश इकडेतिकडे होतील, त्याबद्दल मोजणी खात्याने मला धरू नये. तर फलटणचा कोन काय तो आपण सांगायचा नाही. लोणंदचा कोन फलटणच्या दुप्पट आहे, आणि साताऱ्याचा कोन फलटणपेक्षा २४ अंशांनी कमी आहे. एवढ्यावरून तिन्ही कोन काढायचे.

इथे पोरे बावरतात. फलटणच्या कोनाला ‘क्ष’ म्हणा, असे आम्ही मास्तर सांगतो. आताच्या पुस्तकांत त्याला एक्स म्हणतात. मुले तोंडाने म्हणतात आणि मनात विचारतात, हा क्ष कुठून टपकला? मी त्यांना बाजाराच्या आवारात नेत असे, निदान कल्पनेने तरी. क्ष म्हणजे तोंड शिवलेले पोते. आत किती कांदे आहेत ते माहीत नाही, पण सगळ्या पोत्यांत सारखेच आहेत एवढे पक्के. फलटणजवळ एक पोते. लोणंदजवळ दोन पोती, म्हणजे २क्ष. साताऱ्याजवळ एक पोते, पण त्यातून कुणीतरी २४ कांदे काढून नेलेले, म्हणजे क्ष वजा २४. एकूण पोती चार, त्यांत २४ ची तूट, आणि सगळा माल मिळून १८०. तूट भरून काढली तर माल २०४ होतो. चार पोत्यांत २०४, म्हणजे एका पोत्यात ५१. पोते उघडले!

आता गंमत पाहा. ५१ आले की पोरे ठळक अक्षरांत ‘उत्तर ५१’ लिहितात, खाली दोन रेघा ओढतात आणि पेन बंद करतात. प्रश्न साताऱ्याच्या कोनाचा असला तरी उत्तर ५१. ते फलटणचे झाले. लोणंदचा कोन १०२ आणि साताऱ्याचा २७. क्ष सापडला म्हणजे कोन सापडला असे नव्हे, क्ष ही नुसती किल्ली. तीन कोन काढून त्यांची बेरीज करायची, १०२, ५१ आणि २७, बरोबर १८०, मगच पेन बंद करायचे.

आणि हे मी ज्याला त्याला सांगत असे. आता माझे ऐका.

१९८८ साल. लोणंदजवळच्या एका शाळेत मी नववीला गणित शिकवत होतो. वार्षिक परीक्षेचा पेपर मीच काढला. त्यात चार गुणांचा एक प्रश्न असा होता: एका त्रिकोणाचे कोन अनुक्रमे २क्ष अधिक १०, क्ष वजा ५०, आणि क्ष अधिक २० आहेत, तर सर्वांत मोठा कोन किती अंशांचा? मी रात्री बसून उत्तरपत्रिका केली. चार क्ष वजा २० बरोबर १८०, म्हणून चार क्ष बरोबर २००, क्ष बरोबर ५०. सर्वांत मोठा कोन ११०. विचारले होते तेवढे काढले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

वर्गातल्या जवळजवळ निम्म्या मुलांनी ११० लिहिले. त्यांना मी चार-चार गुण दिले. एका मुलीने मात्र सगळे गणित करून त्यावर आडवी काट मारली होती. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘दुसरा कोन शून्य येतो. त्रिकोण होत नाही.’ गठ्ठा मोठा होता, निकालाची तारीख जवळ आली होती. खोडलेल्या गणिताला गुण नाहीत, हा माझा नियम. मी समासात शून्य घातले.

तिला गणितात उत्तीर्ण व्हायला तीन गुण कमी पडले. गणितात ती गेली, म्हणून नववीच गेली. आमच्या भागात त्या काळी मुलगी नववीला बसली, म्हणजे नापास झाली, की घरात फारशी चर्चा होत नसे. वडील आवारात हमाल होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. मी हजेरी घेताना नाव पुकारले, कुणीतरी म्हणाले, “सर, ती कांदा निवडायला जाती.” मी पुढचे नाव घेतले.

जुलै महिन्यात नवा वर्ग हेच प्रकरण शिकत होता. नवे उदाहरण कुठे शोधा, म्हणून मी तेच जुने फळ्यावर घातले, आणि एका मुलाला म्हटले, “ये, आकृती काढ.” त्याने पाया काढला. एका टोकाला ११० अंशांचा कोन काढला, दुसऱ्या टोकाला ७० चा, आणि दोन्ही रेघा वर नेऊ लागला. नेतोय, नेतोय, रेघा काही भेटेनात. फळा संपला. मुलगा मागे वळून म्हणाला, “सर, ह्या तर रुळागत चालल्यात. मिरजेपर्यंत न्यावं लागंल.” वर्ग हसला. मला मात्र घाम फुटला.

एकशेदहा आणि सत्तर मिळून १८०, म्हणजे त्या दोन रेघा समांतर. त्या भेटणार कधी? तिसऱ्या कोनाला काही उरतच नाही. क्ष बरोबर ५०, तर क्ष वजा ५० बरोबर शून्य. ही साधी गोष्ट मी, पेपर काढणारा, न बघता पुढे गेलो, वर्गातल्या निम्म्या पोरांनीही बघितली नाही, आणि जिने बघितली तिला मी शून्य दिले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांना सगळे सांगितले. ते भले गृहस्थ होते. पेपर काढून आणला, माझ्यापुढे गुण बदलले आणि म्हणाले, “आता तुम्हीच जा.” मी आवारात गेलो. पाऊस भुरभुरत होता. पत्र्याच्या शेडखाली बायका ढिगाभोवती बसून कांदा निवडत होत्या, त्यांत ती होती. मला बघून उठून उभी राहिली. मी म्हटले, “गणित तुझं बरोबर होतं. माझं चुकलं.” ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “सर, मला वाटलं माझंच चुकलं आसंल. पेपरात चुकीचं कसं येईल?”

हे वाक्य मला अजून लागते. छापलेले चुकत नाही, मास्तर चुकत नाही, तेव्हा चूक आपलीच, असे तिला शिकवले कुणी? आम्हीच शिकवले होते. वडिलांची समजूत घालायला मात्र दोन फेऱ्या पडल्या. ते एवढेच म्हणत, “झालं ते झालं गुरुजी, आता तिचा हात लागतो घराला.” अखेर दहावीच्या वर्गात तिचे नाव घातले. महिन्याभराचा अभ्यास बुडाला होता, तो तिने भरून काढला, पुढे दहावी झाली. त्यानंतरचे मला ठाऊक आहे, पण ते तिचे आहे, रेडिओवर सांगायचे नाही.

पुष्कळ वर्षांनी मी ‘लीलावती’ नीट वाचायला घेतली. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० सालचा, ‘सिद्धान्तशिरोमणी’चा भाग. आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तेव्हा परके कुणी नव्हेत. तर या ग्रंथात एके ठिकाणी त्यांनी सांगितले आहे की, ज्या आकृतीत एक बाजू उरलेल्या बाजूंच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल, ती आकृतीच नव्हे. तिला ते ‘अक्षेत्र’ म्हणतात. उदाहरण म्हणून ३, ६ आणि ९ अशा बाजूंचा त्रिकोण दिला आहे. तीन आणि सहा मिळून नऊच होतात, त्रिकोण आडवा पडतो. हे पटत नसेल तर तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या मांडून दाखवा, असेही ते म्हणतात. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने फळ्यावर जे केले तेच. आणि असे उदाहरण घालणाऱ्याला आचार्यांनी शब्द कोणता वापरला आहे? ‘धृष्ट’. उद्धट माणूस! मी पुस्तक मिटले आणि थोडा वेळ गप्प बसलो.

आणखी एक सांगितले पाहिजे. लीलावतीतले त्रिकोण बाजूंवरून, लंबावरून चालतात, कोनाच्या अंशांवरून नाही. आपल्या शेतकऱ्याचेही तसेच. मोजणीदार पूर्वी साखळी घेऊन यायचा, वाकडेतिकडे रान त्रिकोणांत पाडायचा, पाया आणि लंब मोजायचा आणि गुंठे काढायचा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, झाला एक गुंठा. कोन मोजायची त्याला गरजच पडत नसे. तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन, हा युक्लिडचा सिद्धांत संस्कृतात आला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी अरबीवरून ‘रेखागणित’ रचले तेव्हा.

कोनांवर सगळी भिस्त ठेवली ती पुढे सर्वेक्षणवाल्यांनी. १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत हा देश मोजायला घेतला. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. आता तुम्ही म्हणाल, दोन कोन मोजले की तिसरा वजाबाकीने येतो, मग तिसऱ्या डोंगरावर ते धूड चढवायचे कशाला? तरी ते जमेल तिथे तिन्ही शिखरांवर जाऊन तिन्ही कोन मोजत. कारण वजाबाकी ही भारी सोशिक बाई आहे. पहिल्या दोन कोनांत जी चूक झाली असेल, ती सगळी ती मुकाट्याने तिसऱ्याच्या पदरात बांधते आणि बेरीज मात्र १८० दाखवते. तिसरा कोन स्वतंत्र मोजला तरच चोरी उघडकीला येते.

त्यातही मौज अशी की, तिन्ही कोन अगदी बिनचूक मोजले तरी बेरीज १८० च्या किंचित वर जाते, कारण पृथ्वी सपाट कागद नाही, गोल आहे. दर सुमारे २०० चौरस किलोमीटरला एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, इतकी ही वाढ असते. आपला लोणंद-फलटण-सातारा त्रिकोण साधारण पावणेसहाशे चौरस किलोमीटरचा, तेव्हा त्याची बेरीज १८० अंश आणि वर जेमतेम तीन विकला. शाळेच्या कोनमापकाला त्याचा पत्ता लागत नाही.

आता एक शंका उरते, आणि ती हुशार मुलेच विचारतात. क्ष जर ऋण आला, म्हणजे शून्याच्या खाली गेला, तर गणित चुकले का? कोन असे घ्या: ५० वजा क्ष, ६० वजा २क्ष, ४० वजा ३क्ष. बेरीज १५० वजा ६क्ष, ती १८० हवी. म्हणजे क्ष आला उणे पाच. इथे पुष्कळ जण घाबरून पान फाडतात. पण उणे पाच वजा करणे म्हणजे पाच मिळवणे. कोन होतात ५५, ७० आणि ५५. चांगला धडधाकट समद्विभुज त्रिकोण! पोत्यात माल असण्याऐवजी उधारी निघाली, एवढेच. क्ष ऋण चालतो, कोन ऋण चालत नाही, शून्यही चालत नाही.

भास्कराचार्यांपुढेही हा प्रसंग आला होता. त्यांनी १०, १७ आणि पाया ९ असा त्रिकोण घेतला. शेंड्यातून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन खंड येतात १५ आणि उणे ६. त्यांनी पान फाडले नाही. उणे म्हणजे उलट दिशेला, असे सांगितले. लंब पायाच्या आत न पडता सहा हात बाहेर पडतो. लंब निघतो ८, क्षेत्रफळ ३६. काड्या मांडून पाहा, जुळते. उणे आले की ते काय सांगते आहे ते विचारायचे, आणि मग आकृती उभी राहते की नाही ते बघायचे, हा क्रम त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे. आमच्या शाळांत बीजगणिताचे पुस्तक वेगळे, भूमितीचे वेगळे, असे पुष्कळ वर्षे चालत आले. त्यामुळे मुलांना वाटते की क्ष एका घरात राहतो आणि त्रिकोण दुसऱ्या. समीकरण सोडवताना आकृती काढायची नाही, आकृती काढताना समीकरण आठवायचे नाही. मीही पेपर काढताना नेमके हेच केले होते.

वेळ संपत आली. घरात नववी-दहावीतले मूल असेल तर त्याला हाक मारा, नसेल तर तुम्हीच कागद घ्या. दोन गणिते सांगतो. पहिल्या त्रिकोणाचे कोन आहेत ३क्ष, क्ष अधिक ६५, आणि ३५ वजा २क्ष. दुसऱ्याचे आहेत ८० अधिक क्ष, ७० अधिक २क्ष, आणि ६० अधिक ३क्ष. यांतला एक त्रिकोण होतो आणि एक होत नाही. कोणता ते मी सांगणार नाही. क्ष काढून थांबू नका, तिन्ही कोन काढा, आणि मग पट्टी घेऊन आकृती काढून पाहा.